अर्धा दात

माझ्या वरच्या दातांपैकी समोरचा एक दात अर्धा आहे. बोलताना तो दिसत नाही, हसताना दिसतो. त्यामुळे फोटो काढताना मी ओठ मिटून हसतो, आणि आमच्या घरच्या सगळ्या फोटोंत माझा चेहरा एखाद्या पतपेढीच्या अध्यक्षासारखा गंभीर आला आहे. लग्न झाल्यापासून पत्नीचा आग्रह आहे की तो दात एकदाचा नीट करून घ्यावा. स्टेशनजवळचे आमचे दंतवैद्य तर दर खेपेला आरसा पुढे धरून म्हणतात, "सर, अर्ध्या तासाचं काम आहे. कॅप बसवली की कुणाला कळणारसुद्धा नाही!"

कुणाला कळणार नाही, हीच तर माझी अडचण आहे.

दात कसा तुटला असे कुणी विचारले की माझे उत्तर ठरलेले असते : लहानपणी पायरीवरून पडलो. गेली तीसहून अधिक वर्षे मी हे उत्तर देत आलो आहे. कॉलेजातल्या मुलांना दिले, मुलगी पाहायला गेलो तेव्हा सासऱ्यांना दिले, आणि पुढे मुलाने विचारले तेव्हा त्यालाही दिले. ते खोटे आहे. दिवाळीच्या आधी घर झाडायला काढले म्हणजे माळ्यावरच्या जुन्या ट्रंका खाली उतरतात आणि त्यांत काय काय ठेवून दिले होते ते एकदा बघावे लागते. तशीच ही एक ट्रंक आज खाली काढली आहे असे समजा.

काढायला कारण घडले ते गेल्या पावसाळ्यात. माझा मुलगा सहावीत आहे. एके दिवशी तो फुटलेला ओठ आणि रक्ताचे डाग पडलेला शर्ट घेऊन घरी आला. वर्गातल्या एका मुलाने त्याला ढकलले आणि तो बाकावर आपटला. टाका घालावा लागला नाही. पण आईच्या पोटात गोळा उठायला टाक्याची काय गरज? संध्याकाळपर्यंत पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर साठ-सत्तर निरोप जमले. या मुलाने आधीही कुणाकुणाला मारले होते. कुणाची पट्टी मोडली होती, कुणाचा डबा पळवला होता. रात्री दहाच्या सुमारास मुख्याध्यापिकांना द्यायचा अर्ज तयार झाला : या मुलाला शाळेतून काढावे. दुसऱ्या दिवशी गटातले एक सद्गृहस्थ तो छापून घेऊन स्वतः घरी आले. खाली पंचवीस-तीस सह्या होत्या, आणि पहिली जागा मोकळी ठेवली होती. ती माझ्यासाठी. मार खाल्लेल्या मुलाचा बाप म्हणून तो मान माझा!

अर्ज इंग्रजीत होता. मी मराठीचा माणूस. शब्द दिसला की त्याचे मराठी करायची खोड जात नाही. 'मुलाची पार्श्वभूमी लक्षात घेता' अशा अर्थाचे एक वाक्य त्यात होते. पार्श्वभूमी, म्हणजे पाठीमागची जमीन. या मुलाच्या पाठीमागची जमीन काय होती? त्याचे वडील रिक्षा चालवतात, ते आईला मारतात असे कुणीतरी ऐकले होते, आणि शिक्षणहक्काच्या पंचवीस टक्के जागांतून तो या शाळेत आला होता. एवढीच. मी पेनाचे टोपण काढले, आणि का कोण जाणे, माझी जीभ त्या अर्ध्या दाताकडे गेली.

"उद्या पाठवून देतो," असे म्हणून मी कागद ठेवून घेतला.

* * *

साल १९९१. पंतनगरातल्या हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत आम्ही राहत असू. बाबा फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत कारकून. माझी शाळा स्टेशनच्या पलीकडे, घाटकोपरच्या पश्चिमेला. मी सातवीत होतो. अंगाने काडी, डोळ्यांना चष्मा, आणि नंबर पहिल्या पाचांत. म्हणजे मार खाण्याची सारी पात्रता माझ्या अंगी होती.

वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव येथे सांगत नाही. सारा वर्ग त्याला 'दादा' म्हणे. एकदा नापास होऊन तो आमच्यात आला होता आणि आमच्यापेक्षा वीतभर उंच होता. 'बुलिइंग' हा शब्द तेव्हा आमच्या शाळेपर्यंत पोहोचायचा होता. आम्ही दादागिरी म्हणत असू. आज मला या शब्दाची मौज वाटते. दादा म्हणजे थोरला भाऊ. आपल्या भाषेने थोरल्या भावाला आणि गल्लीतल्या गुंडाला एकच नाव देऊन ठेवले आहे. धाकट्यांना सांभाळणारा तोही दादा, आणि धाकट्यांना धाकात ठेवणारा तोही दादाच.

मधल्या सुट्टीत दादा बाकांच्या रांगेतून हिंडे आणि डबे उघडायला लावी. त्याची एक तऱ्हा होती. भाजी तो घेत नसे, पोळ्या घेई. दोन असल्या तर एक, तीन असल्या तर दोन. घडी करून खिशात घाली. आम्ही मागे हसत असू, की याला भाजी सोडून नुसती पोळीच कशी आवडते! पोळी खिशात नेता येते आणि भाजी नेता येत नाही, एवढी गोष्ट पहिल्या पाचांतल्या एकाही मुलाच्या ध्यानात आली नाही. त्याची धाकटी बहीण दुसरीत होती. त्या काळी आमच्या शाळेत खिचडी शिजत नसे. शाळकरी मुलांना अन्न देण्याची देशव्यापी योजना सुरू झाली १५ ऑगस्ट १९९५ ला. आणि नुसते धान्य नव्हे, शिजवलेले जेवण द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले ते नोव्हेंबर २००१ मध्ये. दादाची बहीण त्याआधीची.

पोळी दिली नाही तर दादा मारी. डोक्यात टपली, पाठीत गुद्दा, नाहीतर हात पिरगाळणे. मला तो आठवड्यातून तीनदा तरी मारत असे. रविवारी संध्याकाळी माझ्या पोटात दुखू लागे. आई ओवा देई. पण ओव्याने थांबणारे ते दुखणे नव्हते. हे मी मुद्दाम सांगतो आहे. पुढे मी दादाची बाजू मांडणार आहे, म्हणून त्याचा मार खरा होता आणि त्याची भीती खरी होती, हे आधी नोंदवून ठेवतो. मार खाणाऱ्या मुलाला तत्त्वज्ञान नको असते. त्याला मार थांबायला हवा असतो.

आमच्याकडे धुण्याभांड्याला एक बाई येत. मूळच्या साताऱ्याकडच्या. रोज सकाळी असल्फ्याच्या टेकडीवरून उतरून, रेल्वेचा पूल ओलांडून त्या पायी पंतनगरात येत आणि तीन घरची कामे करीत. त्या आईला 'वहिनी' म्हणत, आणि त्यांना 'मावशी' म्हणायचे असे आईने आम्हां मुलांना शिकवले होते. आमचे घर सुसंस्कृत होते. मात्र मावशींना मुले किती, ती कुठे शिकतात, हे विचारावे असे मला कधी वाटले नाही.

त्या वर्षी ऐन दिवाळीत मावशी चार दिवस आल्या नाहीत. दिवाळीत कामाची बाई न येणे म्हणजे काय, हे वाचकांतल्या गृहिणींना सांगायला नको. भाऊबीज उलटल्यावर आई मला घेऊन निघाली. हातात फराळाचा डबा होता, पण मनात चौकशी होती. असल्फ्याची वस्ती मी तेव्हा प्रथम पाहिली. डोंगराच्या अंगावर बांधलेल्या अरुंद पायऱ्या, पायऱ्यांच्या कडेने वाहणारे सांडपाणी, नळापाशी रांगेत मांडलेले हंडे-कळशा आणि पत्र्याच्या खोल्या. विचारत विचारत आम्ही पोहोचलो. दार उघडे होते. आत भर दुपारी एक माणूस भिंतीकडे तोंड करून निजला होता. मावशी बाहेर आल्या. त्यांनी पदर पुढे ओढून घेतला होता. तरी एक डोळा काळानिळा होऊन मिटलेला दिसत होता.

"काय झालं हो बाई?" आईने विचारले.

"काय न्हाई, वहिनी. पायरीवरनं पाय घसरला."

आणि त्यांच्या मागे, एका लहान मुलीचा हात धरून, दादा उभा होता.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. दोघांपैकी कुणीही ओळख दाखवली नाही. तो गंजिफ्रॉकवर होता आणि त्याच्या दंडांवर पट्ट्याचे वळ उठले होते. शाळेत तो उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा शर्ट घालून येई आणि गणवेश नीट नाही म्हणून रोज बोलणी खाई. त्याचे कारण मला त्या पायऱ्यांवर कळले.

उतरताना आई स्वतःशीच म्हणाली, "नवरा मारतो वाटतं. गिरणी गेली ना त्याची!"

* * *

गिरणी 'जाते' म्हणजे काय होते, हे समजायला मला पुढची पुष्कळ वर्षे लागली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या साठांहून अधिक कापड गिरण्यांमधले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढारी होते दत्ता सामंत. ते पेशाने डॉक्टर. आमच्याच पंतनगरात त्यांनी दवाखाना चालवला होता. कामगारांना पगारवाढ हवी होती, आणि १९४६ च्या कायद्याने एकाच मान्यताप्राप्त संघटनेला वाटाघाटीचा जो मक्ता मिळाला होता तो मोडायचा होता. संप वर्षाच्या वर चालला. तो रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. हजारो कामगारांना पुन्हा काम मिळाले नाही.

मावशींचे यजमान साचेखात्यात होते. मावशींनी आईला भांडी घासता घासता तुकड्या-तुकड्यांनी सांगितलेली ही हकीकत मला पुढे आईकडून कळली. संपात आधी घरातली तांब्यापितळेची भांडी गेली, मग डोरले गेले, मग परळच्या चाळीतली खोली पागडीवर गेली आणि पागडी कर्जात गेली. संप सुरू झाला तेव्हा दादा दोन-तीन वर्षांचा असेल. म्हणजे साचा चालवणारा बाप त्याने पाहिलाच नाही. त्याने पाहिला तो कधी हमाली करणारा, कधी रात्रपाळीचा वॉचमन झालेला, बहुतेक दिवस काहीच नसलेला आणि संध्याकाळी पिऊन आलेला बाप. जयंत पवार यांचे 'अधांतर' हे नाटक मी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला सांगतो. संपानंतरच्या एका गिरणी कामगाराच्या घराची ती कथा आहे. मुलांना ते लालबाग-परळचे नाटक वाटते. मला त्यात असल्फ्याच्या पायऱ्या दिसतात.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली आणि एक नवल घडले. दादाने माझा डबा उघडायला लावला नाही. मला मारले नाही. माझ्या बाकाजवळून तो मान खाली घालून जाई. मी त्याचे घर पाहिले होते, एवढे एकच कारण. सत्ता हातात आली की ती बारा वर्षांच्या मुलालाही ओळखता येते. मला ती ओळखता आली. रविवारची पोटदुखी थांबली. दोन महिने बरे गेले.

जानेवारीत शाळेच्या सामन्यांचे दिवस आले. कबड्डीचा संघ निवडताना दादाने मला वगळले. घेण्यासारखे माझ्यात काही नव्हतेच, पण चारचौघांत तो हसून म्हणाला, "ह्याला नको, हा मोडंल!" वर्ग खदखदून हसला. माझे कान तापले, आणि मी म्हणालो,

"तुझी आई आमच्याकडे उष्टी भांडी घासते. आमचं उरलेलं घेऊन जाते. तेच खातोस ना तू?"

वर्ग शांत झाला. हे वाक्य मला रागाच्या भरात सुचले नव्हते. दोन महिने ते मी तयार ठेवले होते. त्यातला एकही शब्द मी आजवर विसरलेलो नाही, यावरून ते किती काळजीपूर्वक रचले होते हे ध्यानात येईल. लेखनाचा तो माझा पहिला प्रयत्न म्हणायला हरकत नाही.

दादाने मला दोन्ही हातांनी ढकलले. मी बाकाच्या कडेवर तोंडघशी पडलो. दाताचे पुढे काय झाले ते तुम्हांला ठाऊक आहे.

मग मुख्याध्यापकांची खोली, ओठावर बर्फ, कचेरीतून धावत आलेले बाबा. दादाच्या नावावर आधीच्या तक्रारी होत्याच. त्याला भिंतीशी उभा करून छडीने मारले. घरी मारून मारून पक्का झालेला धडा शाळेने पुन्हा मारूनच पुसायचा प्रयत्न केला. आमच्या मराठीच्या बाई तेवढ्या माझ्याजवळ आल्या. डोक्यावरून हात फिरवून त्यांनी हळूच विचारले, "त्याआधी काय झालं होतं रे? तू काही बोललास का त्याला?"

मी मान हलवली. नाही.

दादा समोरच उभा होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले. मी काय बोललो होतो ते त्यानेही सांगितले नाही. सांगायचे तर ते वाक्य त्याला स्वतःच्या तोंडाने सर्वांपुढे म्हणावे लागले असते.

दुसऱ्या सकाळी मावशी आल्या त्या मोरीकडे गेल्या नाहीत. आईच्या पायांशी बसून रडल्या. "पोराला शाळेतनं काढू नका म्हणा, वहिनी." माझी आई कठोर नव्हती, पण समोर मी सुजलेल्या तोंडाने बसलो होतो. तिने बारा दिवसांचा पगार हिशेबाने मोजून त्यांच्या हातावर ठेवला आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितले. मी पाहत होतो. तेव्हाही मी काही बोललो नाही. आठवड्याभरात दादाच्या हाती शाळा सोडल्याचा दाखला पडला. पुढे शेजारीपाजारी दाताचे विचारू लागले. मारामारीत पडला म्हणून सांगणे आईला बरे दिसेना. तिनेच तोडगा काढला : पायरीवरून पडला म्हणावे. हे उत्तर आपण कुठे ऐकले होते, ते तिच्याही ध्यानात राहिले नसावे.

पुष्कळ वर्षांनी एकदा वर्गात नात्यांच्या शब्दांवर बोलत असताना मी मध्येच थांबलो. मावशी म्हणजे आईची बहीण. मावशीचा मुलगा म्हणजे मावसभाऊ. भांडी घासणाऱ्या बाईंना आम्ही मावशी करून घेतले होते, त्या आईला वहिनी करून घेत होत्या. नाती जोडण्यात कुणी कसूर केली नव्हती. त्या नात्याने मग माझा मावसभाऊ कोण, एवढा सोपा हिशेब मात्र आमच्या घरात कुणी केला नाही. बारा दिवसांच्या पगाराचा केला.

* * *

गरिबीमुळे पोरे मारकुटी होतात, असे आपण सहज बोलून जातो. मीही बोलत असे. वाचनाने ते मत दुरुस्त झाले. ग्लेन एल्डर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचे एक पुस्तक १९७४ साली प्रसिद्ध झाले. १९३० नंतरच्या मोठ्या मंदीत कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात वाढलेल्या मुलांच्या नोंदी संशोधकांनी वर्षानुवर्षे ठेवल्या होत्या. त्या त्याने तपासल्या. या पुस्तकात आणि पुढे सहकाऱ्यांबरोबर केलेल्या कामात त्याला दिसले ते असे : घरातला पैसा गेला म्हणून मुले थेट बिघडत नाहीत. पैसा जातो, बाप चिडका आणि लहरी होतो, आज ज्या गोष्टीला हसला तिच्यासाठी उद्या मारतो. मुलांची पडझड या वाटेने होते. हे वाचताना मला ओकलंड दिसेना, भिंतीकडे तोंड करून निजलेला तो माणूस दिसला.

नॉर्वेसारख्या सधन देशातही १९८२ च्या अखेरीस तीन शाळकरी मुलांनी आत्महत्या केल्या, आणि त्यांमागे सोबत्यांचा छळ असावा असे दिसून आले. १९८३ साली तेथे या छळाविरुद्ध देशभर मोहीम निघाली. तिच्यामागे डॅन ओल्व्हेउस या मानसशास्त्रज्ञाचे काम होते. त्याचा निष्कर्ष असा, की आईबापांची मिळकत हे खरे कारण नव्हे. घरात माया नसणे, मुलाला मारून वळण लावणे, आणि त्याने दुसऱ्याला मारले तर तिकडे काणाडोळा करणे, ही कारणे अधिक मोठी. पुढे २०१४ मध्ये टिपेट आणि वोल्के या दोघांनी अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले. गरिबीचा मारकुटेपणाशी संबंध आढळला तो अगदी क्षीण. मार खाणाऱ्यांत मात्र गरीब घरची मुले अधिक होती.

आणि यासाठी परदेशी पंडितांकडे जायचीही गरज नव्हती. दादाच्या टेकडीवर दादाच्या वयाची शेकडो मुले होती. त्यांतली बहुतेक कुणाला मारत नसत. सकाळी पाण्याच्या रांगेत उभी राहत, मग शाळेत येत, आणि आमच्यासारख्यांचे टोमणे गिळून गप्प बसत. त्यांची आठवण कुणी ठेवत नाही. कारण त्यांनी कुणाचा दात पाडला नाही.

मी आता अंधेरीच्या एका कॉलेजात शिकवतो. ८ जून २०१४ ला मुंबईची पहिली मेट्रो घाटकोपर ते वर्सोवा अशी सुरू झाली, तेव्हापासून माझे जाणेयेणे तिनेच. जागृतीनगर सोडले की असल्फ्याची टेकडी खिडकीशी येते. २०१७ च्या अखेरीस काही स्वयंसेवकांनी रहिवाशांच्या मदतीने तिथल्या घरांच्या भिंती निळ्या, पिवळ्या, गुलाबी रंगांनी रंगवल्या. नवे प्रवासी फोटो काढतात. दृश्य खरोखरच देखणे असते. पण भिंती बाहेरून रंगल्या आहेत. आत कोण कुणाला पायरीवरून पाडते आहे, ते मेट्रोतून दिसत नाही. आमच्या इमारतीच्या भिंती तर आतूनबाहेरून रंगवलेल्या असतात. आमच्याकडे काय चालते तेही दिसत नाही.

हे मी उगाच म्हणत नाही. तो अर्ज घरात होता त्या रात्रीची गोष्ट. मुलगा अंथरुणावर पडला होता. मी त्याच्याजवळ बसलो आणि आमच्या बाईंचा प्रश्न त्याला विचारला.

"त्याआधी काय झालं होतं रे?"

"आधी म्हणजे?"

"त्याने ढकललं, त्याच्या आधी. तू काय म्हणालास?"

तो बराच वेळ गप्प राहिला. फुटलेल्या ओठावरून त्याने जीभ फिरवली. ती खूण माझ्या ओळखीची होती.

"मी फक्त म्हटलं, तू फ्रीवाला आहेस. तुझी फी आम्ही भरतो."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"तूच, बाबा. जेवताना म्हणाला होतास."

म्हणालो होतो. जूनमध्ये फी वाढली, त्या रात्री आमटीचा भुरका मारता मारता म्हणालो होतो. ते खरेही नव्हते. या जागांचा खर्च शाळेला सरकारने भरून द्यायचा, असे कायद्यातच आहे. पण आपल्या घरात पट्टा नसतो, जीभ असते. कुणाला किती टक्के मिळाले, कोण कुठल्या वस्तीत राहतो, कोण कसा आला, हे आपण ताटावर बसून बोलतो आणि मुले ते डब्यात घालून शाळेत नेतात. त्या मुलाच्या घरातले बिघडलेले सारे अर्जात लिहिले होते. माझ्या घरातले लिहायचे राहून गेले होते.

त्या रात्री मी मुलाला दाताची खरी हकीकत सांगितली. सगळी, ते वाक्यसुद्धा. ऐकून तो म्हणाला, "मग त्याचं पुढे काय झालं?"

"ठाऊक नाही."

"तू शोधलंस त्याला?"

"नाही," मी म्हणालो. याहून दुसरे उत्तर माझ्याजवळ नव्हते. आजही नाही.

सकाळी मी कागद सही न करता परत केला. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याप्रमाणे आठवी होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि मुलाला मारण्याची वा त्याचा मानसिक छळ करण्याची शाळेला मनाई आहे, हेही सद्गृहस्थांना सांगितले. १९९२ साली हे दोन नियम असते तर दादाची छडी चुकली असती आणि दाखलाही. "सर, तुमच्याच मुलाला लागलंय," ते म्हणाले. पत्नीने तर सरळच विचारले, "आणि उद्या त्याने पुन्हा मारलं तर?" तिचा प्रश्न रास्त होता. रविवारची पोटदुखी मी विसरलेलो नाही. म्हणून मी मुलाला घेऊन वर्गशिक्षिकांना भेटलो. मधल्या सुट्टीत वर्गात कुणीतरी मोठे माणूस हवे, हे मान्य करून घेतले. मग मुलाने आपले ते वाक्य स्वतःच्या तोंडाने सांगितले आणि माफी मागितली. त्या मुलाने ढकलल्याबद्दल मागितली. खाली बघत, पुटपुटत, पण मागितली. त्याची आई दाराशी उभी होती. मी तिला मावशी म्हणालो नाही. ताई म्हणालो, आणि ताईच्या मुलाला काय म्हणतात ते या वेळी मनात नीट म्हणून घेतले.

एवढ्याने तो मुलगा गुणी झाला असे मी सांगत नाही. परवाच त्याने कुणाची तरी कंपासपेटी खिडकीबाहेर भिरकावली. शाळेच्या समुपदेशक बाई त्याला आठवड्यातून एकदा बोलावतात. त्याच्या घरचे दुखणे आठवड्याच्या एका तासाने जाणारे नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण तो शाळेत आहे. त्याच्या पाठीमागच्या जमिनीत एवढा एक भाग तरी अजून त्याच्या पायांखाली आहे. पालकांच्या गटावर मात्र माझ्याशी सध्या कुणी फारसे बोलत नाही.

दिवाळीच्या आधी दाढ दुखली म्हणून दंतवैद्यांकडे गेलो होतो. नव्या मदतनीस मुलीने माझा कागद भरायला घेतला आणि समोरच्या दाताकडे पाहून सवयीने विचारले, "सर, हा कसा तुटला?"

ठरलेले उत्तर ओठांवर आले होते. ते मी परत गिळले.

"मावसभावाने ढकललं," मी म्हणालो. "पण आधी मी बोललो होतो."